दुपट्याचा उघडा कोपरा

किन्हीराजा, ता. मालेगाव
९ नोव्हेंबर २०२४

मंजू,

आशीर्वाद आहेच, लिहून काही तो वाढत नाही. फोन तू उचलत नाही म्हणून कागद घेतला. माझं अक्षर चौथीतच थांबलं, तुले माहीत आहे. हसायचं असन त पुरं वाचून झाल्यावर हास.

काल जमशेद टेलरची लतीफा मोबाईल घेऊन आली. म्हणे, "कस्तुरामाय, मंजूचा फोटो आया पेपर में." मी म्हटलं, मेली की काय. आपल्याकडचं माणूस पेपरात तवाच येते. पाहते त तू जिती, काळी साडी नेसून भिंतीपाशी उभी. अन् भिंतीवर माझं दुपटं.

आधी मले पटलं नाही. लतीफानं दोन बोटानं फोटो मोठा केला. माझंच ते. मधात तुझ्या मायचं हिरवं पातळ, चहूकडून तुझ्या आज्याच्या धोतराची पट्टी, अन् एका बाजूनं लतीफाच्या जांभळ्या ओढणीचा तुकडा. तिनंच आणून दिला होता, मंजूच्या लेकराच्या अंगावर माझंही काही असू द्या म्हणून.  

अन् कोपरा उघडा. टाचण्या लावून फाकवलेला, आतलं दिसावं म्हणून.

तुले कोणी सांगितलं नसन, तुझी माय असती त तिनं सांगितलं असतं. आपल्या घरात लेकरासाठी दुपटं शिवतो तवा एक कोपरा शिवत नाही. लेकरू यायच्या आधी दुपटं पुरं करू नाही. बारशाच्या दिवशी लेकरू त्याच्यावर टाकतात, अन् जिनं शिवलं तीच बाई तो कोपरा बंद करते, लेकरू हातपाय झाडत असते अन् ती टाके घालत असते. अन् लेकरू राह्यलंच नाही, त दुपटं त्याच्यासंगं मातीत जाते. उघड्या कोपऱ्यासकट. ते घरात ठेवत नाहीत, दुसऱ्याच्या लेकराले देत नाहीत. भिंतीवर टांगायचा त प्रश्नच आजवर आला नव्हता.

दुपटं वापस पाठव. तुझ्या बापाच्या हाती देऊ नको, पोस्टानं पाठव.

तुझी आजी
कस्तुराबाई


११ डिसेंबर

मंजू,

उत्तर नाही. बरं.

पेपरात तू काय बोलली ते लतीफाच्या नातीनं, जोयानं मले वाचून दाखवलं. घरात बाई जे शिवते, विणते, भरते, त्याले कोणी काम म्हणत नाही, कला त म्हणतच नाही, म्हणून तू ते भिंतीवर आणलं. जोया म्हणते, "दादीमाँ, बात तो सही है." मी म्हटलं, सही आहे त तू जा अन् ते धुणं भिंतीवर टांग, दोरीवर कायले टांगते.

पण खोटं नाही ते. तुझा आजा जन्मभर माझ्या गोधडीत झोपला अन् कोणी विचारलं त सांगे, "आमच्या घरची काही करत नाही, घरीच असते." मी तिथंच बसून शिवत असे, सुई हातात. त्यानं काही वाईट मनानं नाही म्हटलं. त्याले दिसतच नव्हतं.

तुले तरी कुठं दिसत होतं. दुपारी माझ्यापाशी बसून टाके घाले ते निरे बोटभर लांब. मी उसवे अन् पुन्हा घालायले लावे. एकदा तू सुई फेकून पळाली, माझ्याच पायात घुसली. आता त्याच हातानं तू मोठमोठ्या भिंती शिवून राह्यली म्हणे. शीव. मी कुठं नाही म्हटलं. माझं म्हणणं एका दुपट्यापुरतं आहे.

लोकं विचारतात, मंजू काहून येत नाही. मी सांगते, काम लय असते तिले. पण मलेच माहीत नाही त मी काय सांगू. पहिलं बाळंतपण माहेरी असते. तुझी माय रुपा तू शाळेत असतानाच गेली, मंग माहेर म्हणजे मी अन् तुझा बाप बबन. तू म्हणाली, आजी, पुण्याचा दवाखाना चांगला आहे. मी म्हटलं, बरं. त्या 'बरं'मधात काय होतं ते तुलेही समजलं अन् मलेही. पण त्यावरून कोणी वर्षभर अबोला धरत नाही. बबन पुण्याले निघाला तवा दुपटं त्याच्या हाती धाडलं, सांगितलं, बारशाले मी स्वतः येते, कोपऱ्याले कोणी हात लावू नका. पिशवी भरून खुंटीले टांगली. डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, रुपाचं चांदीचं वाळं, अन् सुई-दोरा.

बबन वापस आला. चपला काढल्या. खुंटीवरची पिशवी काढून खाली ठेवली, अन् मोटार चालू करतो म्हणून वावरात निघून गेला.

लेकरू गेलं ते मले असं समजलं. बोलून कोणी सांगितलं नाही. मुलगा होता का मुलगी, ते आजही मले माहीत नाही. त्याले विचारलं त म्हणतो, "जाऊ दे नं माय."

मी तुले फोन लावला. तू नाही उचलला. लतीफाच्या फोनवरून लावला, तू उचलला, माझा आवाज आला अन् ठेवून दिला. त्याच दिवशी मले कळलं का हे दुःख नाही, हा राग आहे. दुःखातलं माणूस फोन ठेवत नाही, ते निरं रडते. मी काय केलं ते सांग. शिव्या देऊन सांग. पण सांग.

आजी


१९ जानेवारी २०२५

मंजू,

पाकीट आलं. वरचा पत्ता तुझ्या हातचा, म्हणून मी चूल सोडून उठली, भाकर जळाली. आत निघालं छापील कार्ड. तुझं प्रदर्शन अकोल्याले येऊन राह्यलं. मी ते उलटं केलं, सुलटं केलं, उन्हात धरून पाह्यलं. तुझं एक अक्षर त्यात नाही. पेपरात तू पान भरून बोलते, अन् आजीले छापील कार्ड.

बबन म्हणाला, "कायले जातं माय, तिथं आपलं काय काम." तो लयच घाईत म्हणाला. मी म्हटलं, माझं सामान आहे तिथं, ते पाह्यले जाते. त्यानं पान नाही मागितलं, तंबाखू नाही मागितली, उठून गेला. मले ते पटलं नाही.

लतीफा संगं येते. इथून मालेगावले जीप, मालेगावाहून पातूरवरून एसटी. माझ्या गुडघ्याले एसटीची पायरी चढवत नाही, पण लतीफा मागून ढकलते म्हणाली. तिच्यात ताकद आहे.

सुई पोलक्याले टोचून आणते. एक त कोपरा तिथंच बंद करीन, नाही त दुपटं उतरवून घरी आणीन. तिथं गेल्यावर पाहू. तू राहशीन त राह. नाही राह्यली त दुपटं त राहीनच.

आजी


२७ जानेवारी

मंजू,

तू नव्हती. वाटलंच होतं.

हॉल चांगला होता, पंखे चालू, इकडे थंडी अन् तिकडे पंखे. दारात एका पोट्टीनं गुलाबाचं पाणी शिंपडल्यासारखं हसून आत घेतलं. भिंतीवर काय काय. कोण्या बाईनं दोऱ्यानं विणलेले टेबलावरचे रुमाल, घड्यावरची मण्यांची झाकणं, एक उशीचा अभ्रा, 'शुभ रात्री' भरलेला, त्याच्या मधात डोक्याच्या तेलाचा डाग तसाच. एका ठिकाणी नुसत्या फुलवाती, ढिगानं, छपरापर्यंत. लतीफा म्हणाली, "इतनी बत्तियाँ किसके घर की?" मी म्हटलं, साऱ्यांच्या. अन् मले तिथं जरासं बसावं वाटलं. त्या वाती पाहून पाठ दुखायले लागली. वळताना कधी दुखली नव्हती, म्हणजे दुखली असन, कोण लक्ष देते. तुझं ते काम मले समजलं. हे लिहून ठेवते, मंग म्हणू नको आजी निरी भांडायलेच येते.

दुपटं शेवटच्या खोलीत एकटंच. त्याच्यावर एक दिवा, बाकी अंधार. कोपरा फाकवलेला, आत तुझ्या मायच्या पातळाची उलटी बाजू. उलटी बाजू, मंजू. जे आत राहावं म्हणून मी आत घातलं होतं.

पोट्टी सांगायले लागली, "आजी, या कामासमोर बायका खूप वेळ थांबतात. काल एक ताई तर बसूनच होत्या. रडत होत्या."

मी म्हटलं, "रडायले एवढ्या दूर यायचं काय? घरी जागा नसते?"

ती म्हणाली, "नसते ना आजी."

 घरी खरंच नसते.

मंग मी भिंतीवरचं वाचलं. मोठं अक्षर होतं तरी मले येळ लागला, एक एक अक्षर जोडून वाचते मी. 'आजीने निरोप पाठवला : दुपटं ठेवून घ्या. चांगलं कापड आहे. पुढच्या खेपेला कामी येईल.'

खाली तुझं नाव. त्याच्या खाली माझं. कस्तुराबाई, किन्हीराजा.

पुन्हा वाचलं. वाटलं माझंच जोडायचं चुकलं. लतीफानं विचारलं, "क्या लिखा है?" मी म्हटलं, हात लावू नका असं लिहिलं आहे.

मी सुई काढली होती. त्या पोट्टीनं हात धरला, म्हणून कोपरा तसाच राह्यला.

मंजू, हे मी म्हटलं नाही. मले त बबन वापस येईपर्यंत माहीतच नव्हतं का लेकरू गेलं. मी कोणाले निरोप देणार, अन् कशाचा? तू ते ऐकून घेतलं, मनात ठेवलं अन् वर्षभर माझा आवाज आला का फोन ठेवला. तुझ्या जागी मी असती त फोन नसता ठेवला, तिथून येऊन म्हातारीच्या झिंज्या उपटल्या असत्या. तेच करायचं होतं. तुले मी लहानाची मोठी केली अन् तुले एवढंही शिकवलं नाही काय.

आजी


३ फेब्रुवारी

मंजू,

बबनले धरलं. तो तुरीच्या ढिगापाशी बसला होता, मी त्याच्यासमोर पाट टाकून बसली. गुडघे मुडपून खाली बसली म्हटल्यावर त्याले समजलं का आता सुटका नाही.

मी म्हटलं, "मी कधी निरोप धाडला होता रे, पुढच्या खेपेले कामी येईन म्हणून?"

त्यानं तुरीच्या काड्या मोडल्या. लय काड्या मोडल्या.

"माय, तिथं मले काय सुचत होतं? नर्सनं गाठोडं दिलं, दवाखान्याच्याच कपड्यात. जावई हरीओमराव भिंतीले टेकून उभे, ते हलतच नव्हते. मलेच जा लागलं. मंजू पलंगावरून म्हणाली, 'बाबा, आजीचं दुपटं त्याच्याबरोबर द्या.'"

"मंग?"

"मंग ते मी हाती घेतलं. मधात रुपाचं पातळ. तिचं तेवढंच कापड राह्यलं होतं माय, बाकी सारं आपण वाटलं. मले नाही टाकवलं मातीत. पुन्हा एकदा तिलेच माती देऊन येऊ काय?"

मी म्हटलं, "मंग हेच सांगायचं पोरीले."

"बाप असून असं सांगू? बायकोच्या लुगड्यासाठी अडलो म्हणून? सुचलं ते बोललो. तुझं नाव घेतलं. तुझ्या नावावर सारं खपते."

त्याले मी एक लगावणार होती. साठीले टेकलेला माणूस आहे, डोक्यात भुसा भरलेला. पण त्याचा हात पाह्यला, त्या काड्यांनी सोलून काढला होता त्यानं. मी उठली. उठवत नव्हतं, त्यानंच हात देऊन उठवलं.

मंजू, आता दुपटं वापस मागत नाही. मी त्याले म्हटलं होतं, चल पुण्याले, जागा दाखव, मी माझ्या हातानं ते तिथं ठेवून येते. त्यानं सांगितलं, मधात तो एकदा गुपचूप जाऊन आला. तिथं माती उकरून सपाट केली, भिंत बांधून राह्यले, कोणती जागा ते ओळखू येत नाही. तो त्या भिंतीपाशी उभा राहून वापस आला. पोरगी होती, हेही तवाच सांगितलं.

डॉक्टर तुले काय म्हणाला तेही सांगितलं. पुढची खेप नाही. म्हणजे ते वाक्य तुले किती लागलं असन ते मले आता समजलं.

आता एक गोष्ट लिहिते, ते वाचून पुन्हा अबोला धरायचा असन त धर. ते वाक्य मी बोलली नाही हे खरं. पण तुझ्या बापानं ते हवेतून नाही आणलं. माझा पहिला गेला तवा माझी सासू मले हेच म्हणाली होती. माझ्या जावेले मी म्हटलं असन. लतीफाले तिच्या घरच्यांनी म्हटलं. पुढच्या खेपेले. दुसरं काही बोलायले आमाले कोणी शिकवलंच नाही. तू तेवढं एक वाक्य भिंतीवर लिहिलं, त बायका तिथं बसून रडतात. कारण त्यांनाही कोणीतरी म्हटलं असते.

म्हणून खोडू नको. माझं नाव आहे त राहू दे. बापाचं घालू नको. त्याले शेलूबाजारात लोकं ओळखतात, धान्य घेऊन जातो त हात जोडतात. मले कोण ओळखते.

आजी


२० फेब्रुवारी

मंजू,

उत्तर नाही आलं. मी आता पोस्टमनची वाट पाहत नाही, तोच मले पाहून सायकल दुसरीकडून नेते.

मागच्या एका पत्रात मी खोटं लिहिलं. अकोल्याच्या पोट्टीनं माझा हात धरला असं लिहिलं होतं. तिनं हात धरला नाही. मी तिले सांगितलं मी कोण. तिनं स्वतः टाचण्या काढल्या, दिवा माझ्याकडे वळवला अन् म्हणाली, "शिवा आजी, मी दार लावून घेते." लतीफालेही बाहेर घेऊन गेली.

मी एकटीच उभी होती. सुई ओवलेली होती, घरूनच ओवून नेली होती. कोपरा हातात धरला. चार टाक्यांचं काम. बारशात मी हे लय लेकरांसाठी केलं, बोलता बोलता करते, इकडे पाळणा म्हणतात अन् तिकडे माझी गाठ पडते.

नाही झालं. सुई कापडापाशी नेली अन् हात खाली चाचपायले लागला. खाली लेकरू नव्हतं. निरी भिंत होती, चुन्याची. मी कापड पुन्हा होतं तसं फाकवलं, टाचण्या लावल्या, बाहेर येऊन लतीफाले म्हटलं, चल, गाडी चुकन. पोट्टीले वाटलं असन मी काहीतरी ठरवून तसं ठेवलं. मी काही ठरवलं नाही. मले जमलं नाही.

आमच्या रीतीत दोनच गोष्टी आहेत. लेकरू आलं त कोपरा बंद करा, गेलं त मातीत द्या. लेकरू गेलं, मातीही सपाट झाली, अन् दुपटं राहून गेलं, याच्यासाठी काही नाही. मी आठवून पाह्यलं, लतीफाले विचारलं, तिच्याकडेही काही नाही. तू भिंतीवर टांगलं म्हणून मी तुले बोलली. दुसरीकडे कुठं ठेवणार होती तू? पेटीत? पेटीत घातलं असतं त तू रोज ती पेटी उघडली असती. मी तुले ओळखते.

मोतीबिंदू पिकला, जवळचं आता बारीक दिसत नाही. गोधड्या बंद केल्या. लतीफा अजून कापडाची कतरण आणून देते, सवयीनं, मीही ठेवून घेते, कोपऱ्यात ढीग झाला.

जिनं शिवलं तिनं बंद करायचा, अशी रीत. ते आता माझ्यानं होत नाही. तुले करायचं असन त तू कर, नाही त राहू दे उघडा, तसाच टांग, जोवर कापड टिकते तोवर. धोतर आधी विरंन, मंग ओढणी. तुझ्या मायचं पातळ चांगलं आहे, ते राहीन. टाके मात्र लहान घाल.

दोरा लतीफानं ओवून दिला, खालची गाठ मी मारली. सुई पुठ्ठ्यात खुपसून पाठवते. पाकीट उघडताना बोट सांभाळ.

आजी